सातवाहन पद्धत बंद करावी

कोंडाण्याच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, बारा महिने मोबाइलच्या रेंजची असते आणि शिक्षकांची तर कायमचीच. मोठ्या संख्यांची टंचाई मात्र इथे कुणी पाहिलेली नाही. वर राजमाची, खाली उल्हास नदी, मधल्या झाडीत दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी. पाऊस पडतो तो चार अंकी मिलिमीटरमध्ये. कर्जतहून कोंदिवड्याकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना फार्महाउसच्या पाट्या आणि पाट्यांवर लाखांचे आकडे. धरणाचा विषय निघाला की माणसं कोटीच्या खाली उतरतच नाहीत.

अशा श्रीमंत मुलखातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मुलांना एकक-दशक-शतक शिकवतो. शाळा द्विशिक्षकी. मॅडमांकडे पहिली-दुसरी, माझ्याकडे तिसरी, चौथी आणि पाचवी, एकाच खोलीत, तीन बस्करपट्ट्यांवर. तिसरीची पट्टी शतकांत रमलेली, चौथीची हजारांत, पाचवीची लाखांत. दारापासून खिडकीपर्यंत चालत गेलो की माझी किंमत हजारपट होते. खिचडीची घंटा झाली की तिन्ही पट्ट्या एकदम एककावर येतात.

शनिवारी शाळा सुटायच्या वेळेला ट्रेकवाले येतात. त्यातला एखादा हमखास विचारतो, ‘‘तानाजी कुठल्या बाजूने चढला?’’ तो कोंडाणा वेगळा, तो पुण्याजवळचा सिंहगड, हे कोंडाणे वेगळं, असं पूर्वी आम्ही समजावून सांगायचो. आता मुलं बिनदिक्कत समोरचा कडा दाखवतात. घोरपड विचारली तर घोरपडही दाखवतील.

तर, लहान संख्यांचं काही अवघड नसतं. दहा काड्या मोजायच्या, रबर लावायचं, झाला दशक. असे दहा गठ्ठे एकत्र बांधले की शतक. काड्यांसाठी आमच्याकडे कारवी आहे, कुडाच्या भिंतीला लागते तीच. मुलं एका सांगण्यावर भारा आणून टाकतात. शतकापर्यंत सगळं सुरळीत चाललं. हजाराला खोलीचा कोपरा भरला, त्यातून विंचू निघाला आणि विंचू कुठल्या घरात लिहायचा यावर चौथीत वाद झाला. (निकाल: एककाच्या. सुटा होता.) दशहजाराच्या उंबऱ्यावर मी थांबलो. लाखापर्यंत जायचं ठरवलं असतं तर राजमाचीचा उतार बोडका झाला असता आणि वनखात्याने मला विस्तारित रूपात लिहून घेतलं असतं.

मोठ्या संख्येची अडचण हीच. ती आणून दाखवता येत नाही, नुसती जागेवर बसवता येते. आणि जागा म्हटली की भानगडी आल्या.

काड्यांनंतर खेळातल्या नोटा आल्या. एकाची, दहाची, शंभराची, हजाराची; प्रत्येक घराला आपली नोट. एक, दहा, शंभर, हजार, असं छान चाललेलं असताना ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता खऱ्या हजाराची नोट गेली. दुसऱ्या दिवशी परिपाठाला एकाने हात वर केला, ‘‘सर, आता हजाराचं घर बंद?’’ मी म्हणालो, घर चालू आहे, नोट बंद आहे. तो म्हणाला, ‘‘मग घरात राहील कोण?’’ त्यानंतर दोन हजाराची गुलाबी नोट आली. ती हजाराच्या घरात एक म्हणून ठेवायची की दोन म्हणून, यावर पाचवीत दोन तट पडले. दहाच्या पटीने चालणाऱ्या या सगळ्या व्यवहारात दोन हजाराला आणि पाचशेला नक्की कुठे बसवायचं, हे सांगणारं परिपत्रक शिक्षण खात्याने काढलं नाही, आणि खातं एखाद्या गोष्टीवर परिपत्रक काढत नाही ही घटना तशी दुर्मीळच. मे २०२३ मध्ये दोन हजाराची नोटही मागे घेतली. तोवर तो मुलगा हायस्कूलला गेला होता. बाजारात भेटला तेव्हा लांबूनच ओरडला, ‘‘सर, घर परत बंद झालं!’’

खरा घोळ घालतं ते शून्य. ‘तीन हजार पाच’ सांगितलं की अर्धी पट्टी लिहिते ३०००५. पोराने काय केलं? ऐकलं तेवढं सगळं लिहिलं. तीन हजार ऐकलं, ३००० लिहिलं. पाच ऐकलं, पुढे ५ ठेवलं. त्याच्यासारखा प्रामाणिक कारकून तालुक्यात सापडायचा नाही. त्याला आपण मोठी माणसं सांगतो की शून्यं लिहायची, पण बोलायची नाहीत. आणि हजार बोलायचं, पण लिहायचं नाही. ग्रामसभेचं इतिवृत्त याच नियमाने लिहितात हे खरं, पण दहा वर्षांच्या पोराने ते कुठून समजून घ्यावं?

या पोरांची बाजू घेणारा पुरावा मला याच सह्याद्रीत मिळाला. जुन्नरच्या वाटेवर नाणेघाट आहे. तिथल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा. यज्ञ केले, दक्षिणा दिल्या, त्याचा हिशेब. गाई किती, घोडे किती, कार्षापण नाणी किती. आकडे दणदणीत, दहा हजारांच्या वरचे. पण ते लिहिताना घरं नाहीत आणि शून्यही नाही. चोवीस हजार चारशे लिहायचे तर वीस हजाराची एक खूण, चार हजाराची दुसरी, चारशेची तिसरी. चार हजाराची खूण म्हणजे हजाराच्याच खुणेला चाराचं चिन्ह जोडलेलं. ओळीने मांडलं, झाला आकडा. म्हणजे ऐकलं तसं लिहिलं. आमचा पाचवीतला गडी चुकत नव्हता. जन्मायला दोन हजार वर्षं उशीर केला, एवढंच.

केंद्रप्रमुख भेटीला आले तेव्हा फळ्यावर नेमका हाच ३०००५ होता. त्यांनी चष्मा वर केला. ‘‘हे काय?’’

‘‘सर, ही सातवाहन पद्धत आहे,’’ मी म्हणालो.

ते बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले. नवीन उपक्रम असावा आणि त्याचं प्रशिक्षण आपल्याकडून चुकलं असावं, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर सरकून गेली. मग खिचडी चाखून झाली, हजेरी तपासून झाली, आणि शेरेबुकात त्यांनी लाल शाईने लिहिलं: ‘सातवाहन पद्धत तातडीने बंद करावी. बाकी समाधानकारक.’

त्या पद्धतीला बंद पडायला तशी काही शतकं लागली. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभट सांगून गेला की एका स्थानावरून पुढच्या स्थानावर गेलं की किंमत दसपट होते. ६२८ साली ब्रह्मगुप्ताने शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम बांधले. ११५० साली भास्कराचार्यांनी लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. पुढे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. पुस्तक आधी, शाळा मागाहून. आमच्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होते आणि पुस्तकं मागाहून येतात, त्यामुळे परंपरा अगदीच मोडलेली नाही.

शून्य एक वेळ जागेवर बसेल. जिभेचं काय करायचं? त्र्याहत्तर म्हणताना आपण आधी तीन उच्चारतो, मग सत्तर. लिहिताना मात्र आधी सात. शंभरच्या आत ही एकच कोलांटी असते. पण आपली लाख-कोटींची पद्धत हजारापासून वर जोड्याजोड्यांनी चालते, त्यामुळे सात अंकी संख्येत ती तीनदा मारावी लागते. ‘त्र्याहत्तर लक्ष सदतीस हजार पाचशे त्रेसष्ट’ असं मी सांगितलं. लिहायला हवं होतं ७३,३७,५६३. दुसऱ्या रांगेतल्या मुलीने प्रत्येक जोडी कानावर आली तशी उतरवली आणि पाटीवर आले ३७,७३,५३६. तिन्ही कोलांट्यांत ती आपल्या पायांवर उभी राहिली होती. संख्या मात्र निम्म्यावर आली.

याच दुखण्यावर २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात इलाज आला: सत्तर तीन, तीस सात, साठ तीन. जुनी नावंही शेजारीच छापलेली होती, पण शेजारी बघत बसायला महाराष्ट्राकडे वेळ नव्हता. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की जोडाक्षरांत अडखळणाऱ्या मुलांना याने सोपं जाईल. इकडे मराठी भाषा बुडते की तरते यावर चर्चा झडत होत्या आणि विधिमंडळात मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’चं काय करायचं इथवर गाडी गेली. माझं विचाराल तर बाईंचं म्हणणं बरोबर होतं. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, हे सांगताना मला स्वतःला घाम फुटतो. ज्याला वजाबाकी अजून येत नाही त्याला आकड्याच्या नावातच वजाबाकी घालून देणं हा अन्याय आहे. म्हणून मी वर्गात सत्तर तीन म्हणतो आणि दुकानात त्र्याहत्तर. एका आजीने मला भर रस्त्यात अडवून विचारलं होतं, ‘‘गुर्जी, सत्तर का तीन? एक काय ते सांगा.’’

आता स्थानिक किंमत. पुस्तकात दोन किमती आहेत, दर्शनी आणि स्थानिक. अंक दिसतो तेवढी त्याची दर्शनी किंमत. बसलाय तिथे जी मिळते ती स्थानिक. मी फळ्यावर ४,४४,४४४ लिहिले आणि विचारलं, सहाही चार सारखेच, मग किमती वेगळ्या का? पाचवीतल्या एका मुलाचे वडील जमिनीच्या व्यवहारात उठबस करतात. तो बसल्या जागेवरून म्हणाला, ‘‘सर, रोडटच असंल त्याला जास्त.’’

मी खडू खाली ठेवला. त्याने उठून फळ्यापाशी येऊन समजावून दिलं. गुंठा गुंठाच असतो, माती तीच, भात तेवढंच पिकतं. पण एक रस्त्याला लागून, एक त्याच्या मागे, एक ओढ्यापलीकडे, शेवटचा डोंगराला टेकलेला. ‘‘ह्यो शेवटचा चार डोंगरातला. चार रुपये फक्त. ह्यो पहिला रोडटच. चार लाख.’’ मग त्याने जरा मागे सरकून फळा न्याहाळला आणि कपाळाला आठी घातली. ‘‘पण सर, रोड डावीकडनं कसा गेला?’’

लाख आणि कोटी हे शब्द वर्गात उच्चारले तर पाचवीच्या डोळ्यांत काही हलत नाही. पेटी आणि खोका म्हटलं की माना वर होतात. एजंट लोकांचं सगळं मोजमाप पेट्या-खोक्यांत चालतं, आणि मुलं ते पानटपरीवर उभ्या-उभ्या शिकतात. २०२२ नंतर तर पन्नास खोके राज्यातल्या पोराटोरांना तोंडपाठ झाले. पाचावर आठ शून्यं हे मी त्यावरच पाठ करून घेतलं, राजकारण वगळून. पुस्तकात एवढं ताजं उदाहरण असायला पाहिजे, असं मी शिक्षण परिषदेत सुचवणार होतो. मॅडमांनी माझ्या शर्टाची बाही ओढली.

शून्याचा निकालही रोडटचवाल्याच्याच शेजाऱ्याने लावला. मी ४,०४,००४ लिहून विचारलं होतं की या शून्यांची किंमत काय. सगळे म्हणाले, शून्य. मग काढून टाकू? टाका. मी पुसली. राहिले ४४४. चार लाखांचे चारशे झालेले पाहून पट्टीवर सन्नाटा. तेव्हा हा म्हणाला, ‘‘तो वॉचमन हाय.’’

‘‘कोण?’’

‘‘शून्य. माझा बाप हाय तसा. बंगल्यात कोणी राहत नाय, पण तो बसतो. तो उठला की दुसरा कोणी येऊन बसतो.’’

मुंबईचे मालक दोन महिन्यांतून एकदा येतात. बाकीचे दिवस याच्या बापाने प्लास्टिकच्या खुर्चीत बसून जागा राखायची. डी.एड.च्या अभ्यासक्रमापासून आजवरच्या सगळ्या प्रशिक्षणांत मला शून्य इतकं नीट कुणी समजावलेलं नाही, आणि त्यातल्या बऱ्याच प्रशिक्षणांत जेवणाची सोय होती. आता वर्गात कुणी ३०००५ लिहिलं की बाकीचे ओरडतात, ‘‘वॉचमन जास्त झाले!’’ आणि ३५ लिहिलं की, ‘‘वॉचमन पळाले!’’ केंद्रप्रमुखांना हे अजून माहीत नाही.

प्रत्येक आकड्याला अशी किंमत असतेच असं नाही, हेही कर्जतच्या मुलाला सांगावं लागतं, कारण त्याच्या दाराशी रेल्वे आहे. घाट चढायला मागून ढकलणारं बँकर इंजिन जोडायचं म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात; सदतीस फुटांना एक फूट चढ आहे तो. फलाटावर गाड्यांचे नंबर वाचायला मिळतात. डेक्कन क्वीन १२१२३, इंद्रायणी २२१०५. एकाने वहीत रीतसर लहान-मोठेपणाचं चिन्ह घालून सिद्ध केलं की इंद्रायणी मोठी, म्हणून आधी पोचते. २०१० च्या डिसेंबरात चार अंकी नंबर पाच अंकी झाले तेव्हा गाड्या दसपट झाल्या नाहीत, हे त्याला पटायला वेळ लागला. त्याहून कठीण प्रसंग मोबाइल नंबरचा. एका मुलाला म्हटलं, बाबांचा नंबर सांग. त्याने नवीन शिकलेलं वाया जाऊ दिलं नाही. ‘‘नऊ अब्ज,’’ त्याने सुरुवात केली, ‘‘सत्याऐंशी कोटी...’’ फोन लावेपर्यंत शाळा सुटली.

पिनकोड मात्र अस्सल. दर अंकाला जागा, दर जागेला अर्थ. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली ती टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून. हे गृहस्थ संस्कृतचे कवीही होते. पहिला अंक विभागाचा. चार म्हणजे आपण, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. मग पुढचे अंक आणखी आत आत शिरतात आणि शेवटचे तीन टपाल कचेरीच्या दारात नेऊन सोडतात. कर्जत ४१०२०१, खालापूर ४१०२०२, खोपोली ४१०२०३. मी मुलांना खेळ दिला: एक अंक एकाने वाढवा आणि पत्र कुठे जातं सांगा. शेवटच्या घरात एक वाढवला, पत्र खालापूरला. पहिल्या घरात एक वाढवला, पत्र आंध्र-कर्नाटकाकडे. तोच एक! एकीकडे फार तर टमटमचं भाडं, दुसरीकडे अख्खी रात्र रेल्वेत. चौथीची पट्टीसुद्धा या खेळात घुसली. मामाचं गाव चोर-पोलिसासारखं पकडता येतं म्हटल्यावर कोण मागे राहील? मधल्या शून्यांत वॉचमन आहेत, हे मला सांगावं लागलं नाही.

जनगणनेचा आकडा मी दरवर्षी घेतो, कारण ती आम्ही शिक्षकच दारोदार फिरून करतो आणि त्यात आमचा घाम आहे. २०११ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३. वाचून झालं की मी विचारतो, एककाच्या घरातले हे तीन कोण? गेल्या वर्षी एका मुलीने जागच्या जागी उत्तर दिलं, ‘‘आजा, आजी आणि बैल.’’ बैल मोजत नाहीत म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. ‘‘आमच्यात सगळ्यात जास्त काम तोच करतो.’’

कामावरून आठवलं. दिवाळी झाली की माझी पट्टी आखडते. कातकरी वाडीतली घरं वीटभट्टीवर जातात, मुलं बरोबर. शिक्षण हमी कार्ड हातात देऊन आम्ही त्यांना निरोप देतो आणि पावसाच्या तोंडावर ती परततात. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे असते. एक मुलगी पाच महिन्यांनी वर्गात आली तेव्हा पाचवी लाखांच्या पुढे गेली होती, आणि तिला मागच्या पट्टीवर बसवायचा माझा विचार चालला होता. मी सहज विचारलं, हजारात शतकं किती? ती हसली. इतका सोपा प्रश्न तिला भट्टीवर कुणी विचारला नसावा. मग तिनेच सांगितलं: शंभर विटा रचल्या की एवढी उंची, अशा दहा झाल्या की मुकादम वहीत एक रेघ मारतो. पावसाने भिजल्या तर रेघ खोडतो. ‘‘तो दहा म्हणतो, आम्ही अकरा रचतो. फुटक्या धरत नाय ना.’’ दहा शतकांचा हजार हा नियम वीटभट्टीवर अकरा शतकांनी चालतो, हे आर्यभटालाही ठाऊक नसणार. ती पुढच्याच पट्टीवर बसली. हातच्याची गणितं ती बोटं न मोडता करते; हातचा कोण नेतो हे तिला माहीत आहे.

धरणाचं मी मुद्दाम टाळत होतो. २०१२ साली राज्यात सिंचनावरून रणं पेटली तेव्हा आमच्या उल्हासवरच्या धरणाचं नाव पेपरांत रोज असायचं. पेपरवाले त्याला कोंढाणे छापतात. अंदाजी खर्चाचे दोन अंकी कोटी तीन अंकी झाले होते, सहाशेच्या वर गेले होते. नदीत पाणी अडायच्या आधी शतकाचं घर भरलं. हे कात्रण मी वर्गात कधी वापरलं नाही. मला जुनी पेन्शन नाही, पण नोकरी आहे. तरी एकदा भेळेच्या पुडीतून एक जुना पेपर पट्टीवर आलाच. ‘‘सर, सहाशे कोटीत शून्यं किती?’’ गणिताचा प्रश्न होता, उत्तर देणं कर्तव्य होतं. सहावर नऊ, मी सांगितलं. पट्टीवर कुजबूज झाली आणि वॉचमनच्या पोराने आशेने विचारलं, ‘‘म्हणजे नऊ जणांना काम लागेल?’’

जानेवारीत आम्ही मुलांना लेण्यांत नेतो. क्षेत्रभेट असं त्याचं कागदोपत्री नाव. खरं कारण म्हणजे त्या दिवशी खिचडीऐवजी घरचे डबे असतात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागापाशी एका मोठ्या मूर्तीचा भग्न चेहरा आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मीत एक ओळ: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. एवढंच. सन नाही, खर्चाचा आकडा नाही, उद्घाटन कुणाच्या शुभहस्ते तेही नाही. मी मुलांना जरा जास्तच रंगवून सांगितलं की बघा, स्वतःच्या नावाआधी गुरूचं नाव लिहिणारा शिष्य. मागून प्रश्न आला, ‘‘कण्ह सर मारायचे का?’’

रोडटचवाल्याचं लक्ष भलतीकडेच होतं. शेजारच्या भिंतीवर कुणी ट्रेकवाल्याने बदाम कोरला होता, आत दोन नावं आणि खाली २०१४. तो मला हाताला धरून तिकडे घेऊन गेला. ‘‘सर, ह्यांनी वॉचमन बरोबर बसवलाय.’’ खरंच, शतकाच्या घरात शून्य अगदी जागेवर होतं. पुरातत्त्व खात्याच्या फलकाखाली उभं राहून त्या गुन्ह्यातल्या गणिताची तारीफ करावी की गणितातल्या गुन्ह्याबद्दल रागवावं हे मला ठरवता येईना, म्हणून मी सगळ्यांना डबे उघडायला सांगितले.

सत्र परीक्षेचा पेपर मी काढतो. या खेपेला पिनकोडच्या खेळाचं चीज व्हावं म्हणून एक प्रश्न घातला: ४,१०,२०२ या संख्येच्या लगतची मागची संख्या लिहा. एक गुण. दुसऱ्या रांगेतल्या त्या कोलांटीवाल्या मुलीने उत्तर लिहिलं: कर्जत.

मी बराच वेळ लाल पेन हातात धरून बसलो. चूक म्हणावं तर खालापूरच्या मागे कर्जतच आहे. बरोबर म्हणावं तर कर्जत ही संख्या नाही, निदान सरकारी कागदांत तरी. शेवटी अर्धा गुण दिला.

पालकसभेला तिची आजी आली, ती सत्तर-का-तीनवाली. उत्तरपत्रिका तिने उलटीसुलटी करून पाहिली, त्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि नातीकडून सगळी हकीकत ऐकून घेतली. मग माझ्याकडे वळली.

‘‘गुर्जी, टपाल कर्जतात पोचलं ना? मग अर्धा कापला कशापायी?’’